जेसिका हंटलींचं दुकान

प्रिय दादा,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र मिळालं. दुकान या वर्षअखेर आवरतं घ्यायचं म्हणतोयस, हे वाचून मन जड झालं. भाडं वाढलंय, गुडघे साथ देत नाहीत, पोरं मोबाइलवर पुस्तकं मागवतात. तुझी कारणं खरी आहेत आणि इतक्या लांब बसून मी त्यावर काय बोलणार? पण इथे लंडनमधल्या एका पुस्तकवाल्या बाईंबद्दल तुला सांगायचं कधीपासून मनात होतं. ते आज सांगते. मग काय करायचं ते तू ठरव.

जेसिका हंटली त्यांचं नाव. जन्म १९२७चा, ब्रिटिश गयानातला. म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरचा उसाच्या मळ्यांचा मुलूख. आधी तिथे आफ्रिकेतून गुलाम नेले आणि गुलामी उठल्यावर आपल्याकडून करारावर मजूर. वडील लहानपणीच गेले, आईने पोरं वाढवली. जेसिकाबाई आणि त्यांचे पती एरिक दोघंही छेदी जगन यांच्या पक्षात होते. हे जगन मळ्यावरच्या हिंदी मजुरांच्या घरातले. १९५३ साली तिथे पहिल्यांदा सगळ्या प्रौढांना मत मिळालं आणि हा पक्ष निवडून आला. १३३ दिवसांत ब्रिटिशांनी सैन्य उतरवून सरकार मोडलं. एरिक यांना तुरुंगवास घडला. लोकांनी निवडलेलं सरकार असं चार महिन्यांत पुसलं जाताना ज्यांनी पाहिलं, ती माणसं पुढे लंडनला आली. जेसिकाबाई आल्या १९५८ला.

पुस्तकांचं काम सुरू झालं त्यामागे एक घटना आहे. वॉल्टर रॉडनी नावाचे गयानाचेच एक तरुण इतिहासकार जमैकाच्या विद्यापीठात शिकवत होते. वर्गात आफ्रिकेचा इतिहास शिकवायचा आणि वर्ग सुटला की किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत जाऊन रास्ताफारी पंथाच्या तरुणांसोबत जमिनीवर बसून तोच इतिहास बोलायचा, हा त्यांचा शिरस्ता. सरकारला वर्गाचं काही वाटत नव्हतं, वस्तीचं वाटत होतं. ऑक्टोबर १९६८मध्ये ते परिषदेसाठी कॅनडाला गेले, तर परतल्यावर त्यांना विमानातून उतरूच दिलं नाही. किंग्स्टनमध्ये लोक रस्त्यावर आले. इकडे लंडनमध्ये हंटली दांपत्य आणि त्यांच्या मित्रमंडळींनी निषेध केला, आणि तेवढ्यावर न थांबता ठरवलं की या माणसाचं बोलणं आपण छापायचं. कादंबरीकार अँड्र्यू सॉल्की त्यांच्यासोबत होते. पदरमोड करून, मित्रांकडून पैसे गोळा करून १९६९ला ‘द ग्राउंडिंग्ज विथ माय ब्रदर्स’ हे छोटं पुस्तक आलं. ज्याला जमैकात पाऊल ठेवायची बंदी होती, त्याचे शब्द पुस्तक होऊन फिरू लागले.

प्रकाशनाचं नाव ठेवलं ‘बोगल-लूव्हर्त्यूर’. पॉल बोगल हे १८६५ साली जमैकात उठाव करून फासावर गेलेले, आणि तूसँ लूव्हर्त्यूर हे हैतीच्या गुलामांच्या क्रांतीचे नेते, फ्रेंचांच्या कैदेत वारलेले. इंग्लंडच्या शाळेत तेव्हा ही दोन्ही नावं कुणी उच्चारत नव्हतं. पुस्तकाच्या पाठीवर मात्र ती छापून आली.

दादा, तुला सगळ्यात जवळचं वाटेल ते पुढे आहे. पुस्तकं छापली, पण ठेवायची कुठे, विकायची कुठे? लंडनच्या मोठ्या दुकानांना त्यांचं सोयरसुतक नव्हतं. तेव्हा ईलिंगमधल्या राहत्या घरातली बैठकीची खोलीच दुकान झाली. लोक घरी यायचे, पुस्तकं चाळायचे, बोलत बसायचे. पुस्तकांबरोबर काळ्या माणसांची चित्रं असलेली पोस्टरं आणि शुभेच्छापत्रंही निघाली. सत्तरच्या दशकाच्या मध्याला वेस्ट ईलिंगच्या चिग्नेल प्लेस या बोळवजा रस्त्यावर खरंखुरं दुकान थाटलं.

त्या दुकानात कुणाची मुलं यायची, ते लक्षात घे. कॅरिबियनहून आलेल्या मजुरांच्या, नर्सच्या, बस कंडक्टरच्या मुलांना इथल्या शाळा सर्रास ‘मंदबुद्धी’ ठरवून वेगळ्या शाळांत पाठवत होत्या. १९७१ला बर्नार्ड कोर्ड यांनी त्यावर पुस्तिका लिहिली. ती जॉन ला रोझ यांच्या ‘न्यू बीकन’ने काढली. ला रोझ हेही इथले असेच पुस्तकवाले. आणि पुढच्याच वर्षी जेसिकाबाईंनी फिलिस आणि बर्नार्ड कोर्ड यांचं ‘गेटिंग टू नो अवरसेल्व्हज’ हे लहान मुलांचं पुस्तक छापलं. आईबापांनी शाळेशी भांडायचं आणि त्याच वेळी पोराच्या हातात त्याच्यासारखा चेहरा असलेलं पुस्तक द्यायचं, अशी ती दुहेरी लढाई होती. मला वाटतं, पुस्तकवाल्याचं सगळ्यात मोठं काम हेच. सरकार, शाळा, विद्यापीठ जागी होईपर्यंत तो थांबत नाही. आज समोर उभ्या असलेल्या पोराला आजच पुस्तक देतो.

१९७२ला टांझानियाच्या प्रकाशनसंस्थेसोबत त्यांनी रॉडनींचं ‘हाऊ युरोप अंडरडेव्हलप्ड आफ्रिका’ काढलं. आफ्रिका गरीब राहिली नाही, तिला गरीब केलं गेलं, हे त्यात पुराव्यानिशी मांडलंय. आज ते जगभरच्या विद्यापीठांत वाचतात. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली, अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. तू नेहमी सांगतोस ना, जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ १८७३ला अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्यांना अर्पण केली, आणि बाबासाहेबांनी १९४६ला अमेरिकेतले काळे विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहिलं. हा धागा जुना आहे. तुझं दुकान आणि चिग्नेल प्लेसचं दुकान एकाच कामाची आहेत, हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही.

त्रासही तसाच झाला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस वर्णद्वेषी टोळ्यांनी काळ्यांच्या पुस्तकांच्या दुकानांवर हल्ले सुरू केले. काचा फोडल्या, भिंतींवर गलिच्छ घोषणा लिहिल्या. तेव्हा ‘बोगल-लूव्हर्त्यूर’, ‘न्यू बीकन’ आणि इतरांनी मिळून कृती समिती केली, पोलीस आणि सरकारकडे दाद मागितली, आणि दुकानं उघडी ठेवली. १३ जून १९८० रोजी जॉर्जटाउनमध्ये रॉडनींना बॉम्बस्फोटात मारलं. वय अवघं ३८. त्यानंतर चिग्नेल प्लेसच्या दुकानाला ‘वॉल्टर रॉडनी बुकशॉप’ हे नाव दिलं गेलं. १९८२ला जेसिकाबाई आणि ला रोझ यांनी ‘रॅडिकल ब्लॅक अँड थर्ड वर्ल्ड बुक्स’ची आंतरराष्ट्रीय ग्रंथजत्रा भरवली. उद्घाटनाला त्रिनिदादचे इतिहासकार सी. एल. आर. जेम्स आले होते. १९९५पर्यंत ती जत्रा भरत राहिली.

पण दुकान १९९०च्या सुमारास बंद झालं. वाढत्या भाड्यानेच. तुझ्यासारखंच.

आणि तरी ते संपलं नाही, त्याचं कारण सांगते. हंटली दांपत्याने कागद टाकले नाहीत. लेखकांची पत्रं, हस्तलिखितं, छापखान्याचा हिशेब, सभांची पत्रकं, मोर्च्यांची पोस्टरं, फोटो, सगळं राखलं. २००५ला ते सारं लंडनच्या शहर अभिलेखागारात जमा केलं. कॅरिबियन समाजाकडून तिथे आलेला तो पहिला मोठा संग्रह. दुसऱ्या वर्षापासून त्यावर दरसाल परिषद भरू लागली. शाळकरी पोरं येऊन त्या फायली उघडतात. २०१५ला गिल्डहॉल कलादालनात प्रदर्शन भरलं, तेव्हा त्यात वॉल्टर रॉडनी बुकशॉप पुन्हा उभं केलं होतं. मी गेले होते. पोस्टरं, फळ्यांवर मांडलेली पुस्तकं, आणि माझ्या शेजारी एक आजीबाई नातीला बोटाने दाखवत होत्या की हे पुस्तक आपल्या घरी होतं. शहराने ज्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, त्यांचं दुकान शहराच्या मानाच्या इमारतीत होतं. जेसिकाबाई मात्र ते पाहायला नव्हत्या. १३ ऑक्टोबर २०१३ रोजी, ८६व्या वर्षी त्या गेल्या. २०१८ला त्यांच्या घरावर स्मृतिफलक लागला.

आता तुझ्याकडे वळते. तुझ्या माळ्यावर काय काय आहे, मला ठाऊक आहे. दीक्षाभूमीच्या स्टॉलच्या पावत्या. कुठल्या वर्षी कुठलं पुस्तक किती गेलं, त्या लाल बांधणीच्या वह्या. गावोगावच्या शाहिरांनी स्वतः छापून आणलेल्या आठ-आठ पानी गीतपुस्तिका, ज्या कुठल्याही ग्रंथालयात सापडणार नाहीत. उधारीवर पुस्तकं नेलेल्या मास्तरांची पोस्टकार्डं. तुला ती अडगळ वाटते. उद्या कुणी विचारलं की आपली माणसं काय वाचत होती, पैसे नसताना पुस्तक कसं घेत होती, तर त्याचं उत्तर दुसऱ्या कुठल्याही दफ्तरात नाही. ते त्या वह्यांत आहे.

दुकान चालू ठेव म्हणून मी हट्ट धरणार नाही. तू पुष्कळ केलंस. पण माळा आवरू नकोस. वर्षवार गठ्ठे बांध, प्रत्येकावर साल लिही, गीतपुस्तिका वेगळ्या ठेव, वाळवीचं औषध मारून घे. दिवाळीनंतर मी येतेय, तेव्हा दोघं मिळून यादी करू आणि विद्यापीठात किंवा एखाद्या विश्वासू ग्रंथालयात रीतसर पोच घेऊन देऊ. तोवर, दादा, त्यातला एक कागदही रद्दीवाल्याला देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
छोटी