डोळे मिटून उभी राहा

एकोणिसाव्या वर्षी सांगलीत खो-खो खेळताना, खांबाजवळ वळताना माझा उजवा घोटा मुरगळला. चार महिन्यांत दुसऱ्यांदा. एक्स-रेत हाड शाबूत. "तरुण आहेस, होईल बरं," असंच सगळे म्हणाले. मी पळतही होते, पण हुलकावणी द्यायला उजव्या पायावर भार टाकला की तो माझा वाटायचा नाही. हे सांगायचं कसं?

फिजिओथेरपीच्या ओपीडीतल्या मॅडमना चाचरत सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधी डावा दाखव. जो दुखत नाही तो." टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि पाऊल मागे मागे सरकवायचं. अंगठा ते भिंत, डावीकडे 11 सेंटीमीटर, उजवीकडे 6. मग फरशीवर चिकटपट्टीच्या तीन रेघा, वायच्या आकारात. एका पायावर उभं राहून दुसरा पुढे आणि मागे दोन्ही तिरक्या दिशांना न्यायचा. उंच मुलीला फुकटचा फायदा नको म्हणून अंतराला पायाच्या लांबीने भागायचं. दोन्ही पायांच्या पुढच्या अंतरात 4 सेंटीमीटरपेक्षा जास्त तफावत असली, की त्या सावध होत. माझी 7 होती.

"आता हात कमरेवर, डोळे मिट."

डाव्यावर अर्धा मिनिट उभी राहिले. उजव्यावर तीन आकडेही झाले नाहीत.

"घोटा मुरगळला की पाऊल कुठे आहे ही खबर मेंदूला नीट पोचत नाही. तुझे डोळे ती उणीव भरून काढतात. पण मैदानात तुझे डोळे कुठे असतात?"

पाठलाग करणारीवर. मला रडूच फुटलं. पायाचं म्हणणं कुणीतरी पहिल्यांदाच खरं मानलं होतं.

त्यानंतर रोज एका पायावर उभं राहून दात घासले. दर पंधरवड्याला मॅडम माझ्या वहीत आकडे लिहीत. केसपेपरच्या पैशांपलीकडे मी त्यांना काहीच दिलं नाही. म्हाताऱ्यांच्या तोलाची काळजी घरोघरी असते, विशीतल्यांचा तोल कुणी पाहतच नाही, हे मला आजही खुपतं. म्हणून मी शिकवते त्या मुलींना दर जूनमध्ये आधी भिंतीपाशी नेते, मग मैदानात.

पुन्हा संघात आले तेव्हा पेढे घेऊन मॅडमकडे गेले. त्यांनी पुडा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "चप्पल काढ, भिंतीपाशी ये."

उजवा, 10.

मग त्यांनी पेढा खाल्ला.