आजीचा सिनेमा

आमच्या आजीने थेटरात बसून आयुष्यात एकच सिनेमा पाहिला. ‘पहिली मंगळागौर’, १९४२ सालचा.

आजोबा बेळगावच्या मराठा पलटणीत होते. रजा संपली तेव्हा कन्हेरीच्या मारुतीपुढे नारळ फोडून दोघं निघाली. (आमच्याकडे मोठ्या कामाचा नारळ तिथंच फुटतो, निवडणुकीच्या प्रचाराचासुद्धा.) आजी त्यांना पुण्यापर्यंत पोचवायला गेली. बेळगावची गाडी रात्रीची; मधली दुपार थेटरात गेली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

लढाईमुळे फिल्मची इतकी टंचाई होती, की सरकारने सिनेमाची लांबीच अकरा हजार फुटांवर, म्हणजे दोनेक तासांवर आणली होती. रॉकेल, कापड, धान्य, सगळ्याचीच ओढाताण. अशा वर्षात कुणी हसतागाता सिनेमा काढावा, हे मला फार मोलाचं वाटतं. नायिका स्नेहप्रभा प्रधान, नायक शाहू मोडक. आजीला ही नावं कधी आठवली नाहीत. गोष्टही ती दरवेळी निराळीच सांगायची. मंगळागौर आमच्या शेतकरी घरातली नव्हेच. आमचा पंचमीचा फेर. पण पंचमीला झिम्मा खेळताना ती मधेच कसलेसे हातवारे करायची आणि म्हणायची, “हे त्या शिनेमातलं!” आणि तोंडाला पदर लावून हसायची.

आजोबा इटलीत लढले. चार वर्षं घरी आले नाहीत. पत्र आलं की ते शाळेच्या मास्तरांकडून वाचून घ्यायचं. मास्तरांसमोर नवऱ्याबद्दल काय विचारणार? त्या चार वर्षांत तिच्याजवळ दोघांची म्हणून ती एक दुपार होती.

एक गोष्ट मात्र ती कधी बदलत नसे. “त्यात एक बारकी पोर गाती. लई ग्वाड.” ती लता मंगेशकर. त्याच वर्षी २४ एप्रिलला तिचे वडील मास्टर दीनानाथ गेले होते आणि बारा वर्षांची ही मुलगी घर चालवायला कॅमेऱ्यासमोर उभी राहिली होती. आमच्या ओसरीवर रेडिओ आला, पुणे केंद्रावर लताबाईंचं गाणं लागलं, की आजी भाकरी थापायची थांबे. “माझी पोर गाती,” म्हणे. हसतं गाणं असो की रडवं, तिचे डोळे भरायचेच. हसऱ्या सिनेमातली ती पोर कुठल्या दुःखातून आली होती, हे आजीला कुणी सांगितलं नव्हतं. मलाही ते फार उशिरा, वाचून कळलं; तोवर सांगायला आजी नव्हती.

६ फेब्रुवारी २०२२ ला लताबाई गेल्या. त्या दिवशी आम्ही आजीच्या फोटोला हार घातला.

मी तो सिनेमा अजून पाहिलेला नाही. त्या काळी थेटराबाहेर सिनेमाच्या गाण्यांची चोपडी मिळायची. आजीने घेतलेली चोपडी आमच्या हातून रद्दीत गेली. तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत अशी एखादी असेल, तर फेकू नका. पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात नेऊन द्या.