बाहेरचे

आमचे आजोबा काशीस आले ते विद्येसाठी आणि राहिले ते गंगेसाठी, असे आमच्या घरात सांगतात. दुर्गाघाटाच्या पायऱ्यांवर आमचे बालपण गेले. घरात मराठी, गल्लीत भोजपुरी, शाळेत हिंदी आणि पूजेला संस्कृत. यांतली आपली कोणती नि परकी कोणती, हा प्रश्न आम्हांस कधी पडला नाही. तो पाडला आमच्याच माणसांनी.

गेल्या दिवाळीत पुण्यास आतेभावाकडे गेलो होतो. बोलण्याच्या ओघात आम्ही म्हणालो, "मी तर तुला आधीच सांगून दिलं होतं!" सारे घर हसले. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही आता निम्मे भय्ये झालात!" आम्हीही हसलो, पण ते हसू घशाखाली उतरले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात भाजीवाला आला. "या बाहेरच्या लोकांनी शहर भरून टाकलंय," वहिनी पुटपुटल्या. आम्ही गप्प राहिलो. मग बाहेर जाऊन त्याला गाव विचारले. जौनपूर! आमच्या काशीच्या शेजारचेच. आमच्या तोंडून गल्लीतली बोली ऐकताच गड्याचा चेहरा उजळला. अकरा वर्षे तो या आळीत भाजी विकतो. आषाढीला रताळी, ऋषिपंचमीला कंदमुळे, अळू कोणत्या घरी लागते आणि चाकवत कोणत्या, हे सारे त्याला मुखोद्गत. 2020 च्या टाळेबंदीत तो गावी गेला, तेव्हा आळीला त्याची किती उणीव भासली, हे पुढे वहिनींनीच सांगितले.

वाचकहो, त्या क्षणी आम्हांस आमची काशी आठवली. सोळाव्या शतकात पैठणचे भट्ट घराणे काशीस येऊन राहिले. काशीने त्यांना बाहेरचे मानले असते, तर तिथल्या धर्मशास्त्राच्या परंपरेचे एक मोठे दालन रितेच राहिले असते. त्याच घराण्यातले गागाभट्ट 1674 मध्ये शिवरायांच्या राज्याभिषेकासाठी रायगडावर आले. पैठणहून गेलेली विद्या अशी काशीचे तेज घेऊन परतली.

आणि बाबूराव विष्णु पराडकर! मराठी घराण्यात, काशीतच 1883 साली जन्मलेला हा पुरुष 'आज' या दैनिकाचा संपादक झाला. आजच्या हिंदी पत्रकारितेची भाषा घडवणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. ज्यांची घरची भाषा मराठी, त्यांनी हिंदीला शब्द दिले. आणि हिंदीनेही ते कोठून आले हे न विचारता आपलेसे केले.

या थोरांच्या शेजारी भाजीवाल्याला बसवणे कोणास अतिशयोक्ती वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. येणारा माणूस आपले हात, आपली बोली, आपली चव घेऊन येतो, आणि यजमानाच्या घरची तिथीही पाठ करतो. आमच्या आजोबांनी काशीत दुसरे काय केले होते? ते 'प्रवासी पंडित' ठरले आणि हा 'भय्या', एवढाच काय तो फरक!

हे सारे आम्ही त्या रात्री वहिनींना सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. परतीच्या दिवशी मात्र आमच्या पिशवीत एक लुगडे होते. भाजीवाल्याने आपल्या आईसाठी पाठवलेले. रंग वहिनींनी निवडून दिला होता.