खालचा कप्पा

सुट्टी संपायच्या आदल्या रात्रीचं तिकीट मागणाऱ्या गिऱ्हाइकाला मी पूर्वी चहाच्या आधी प्रवचन पाजायचो. "री-एंट्री पंचवीसला संपते आणि तुम्ही चोवीसच्या रात्री विमानात बसणार? घाटात दरड आली तर? चार दिवस हातात ठेवा की!" समोरचा खाली बघून हसायचा. "शेट, तेवढं चालतंय." मी तिकीट काढून द्यायचो. पुढे तो खरंच अडकला, तर मला मनातून बरं वाटायचं. लिहायला लाज वाटते, पण वाटायचं खरं.

चिपळूणच्या बाजारपेठेत माझं तिकिटांचं दुकान आहे. गिऱ्हाईक कालुस्ते, गोवळकोट, मिरजोळी आणि थेट खेडपर्यंतचं. 'बाहेर असतो' म्हटलं की आमच्याकडे कुणी 'कुठे?' असं विचारत नाही, आखातच असतं. सौदीच्या माणसाला सुट्टीवर येताना री-एंट्री लागते आणि तिच्यावर परतीची शेवटची तारीख असते. ती हुकली की मुंबईला चेक-इन काउंटरवरूनच बॅग परत. वर तिथल्या कॉम्प्युटरात 'गेला, आला नाही' असा शेरा. तेव्हा तर त्या शेऱ्यापायी, जुना कफील, म्हणजे तिकडचा मालक, सोडून दुसऱ्याकडे जायचं म्हटलं, की तीन वर्षांची बंदी होती. दुबईवाल्यांचं निराळं. त्यांचा व्हिसा दोन-तीन वर्षांचा, पण सलग सहा महिने बाहेर राहिलं की तो मरतो, वर तारीख काहीही छापलेली असो. मला हे सगळं पाठ होतं. माज त्याचाच होता.

मार्च 2020 मध्ये एक दुबईवाला आला. त्याचं तिकीट 15 तारखेचं होतं. आईला दवाखान्यात ठेवलं म्हणून त्याने माझ्याकडूनच ते आठवडाभर पुढे ढकलून घेतलं होतं. 19 तारखेला कोरोनापायी तिकडच्या सरकारने बाहेर असलेल्या रहिवाशांनाही दार लावलं, मग इकडून विमानं थांबली. दुकानात चार माणसं बसली होती. त्यांच्यासमोर मी त्याला म्हणालो, "पंधराला गेला असतात तर आज कामावर असता." तारीख बदलण्याचे पैसे मी त्याच्याकडून घेतले होते, हे त्या चौघांना सांगितलं नाही. सहा महिन्यांच्या नियमाला पुढे सरकारने सवलत दिली, पण तोवर त्याच्या कंपनीने व्हिसा रद्द केला होता. सवलत व्हिसा असणाऱ्याला. तरी माझं मत जागचं हललं नाही. उलट पुढे वर्षभर मी त्याचाच दाखला देत होतो.

21 जुलै 2021 ला रात्रभर पाऊस कोसळला. 22 च्या पहाटे वाशिष्ठी नदी बाजारपेठेत होती. 2005 चा पूर पाहिलेली माणसंसुद्धा म्हणाली, असा नव्हता. मी राहतो वरच्या अंगाला. दुकानाचं शटर उघडता आलं तिसऱ्या दिवशी, तेही पहारीने. पंख्याच्या पात्यांना गाळ लागलेला. लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा ओढला तर त्यातून आधी चहाच्या रंगाचं पाणी आलं आणि मग बिस्किटांचा डबा. डब्यात सात पासपोर्ट.

ते तिथे का होते? कारण मीच म्हणालो होतो, "राहू दे इथेच. विमानं सुरू झाली की पहिलं तिकीट तुमचं." एप्रिलच्या शेवटापासून भारतातून दुबईला जाणं बंद होतं, सौदीला थेट जाणं त्याच्याही आधीपासून. लोक रोज विचारायला यायचे. सारखं मागून घेण्यापेक्षा पासपोर्ट आपल्याकडे असलेले बरे, शिवाय गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जात नाही. हेही खरं कारण.

चार पासपोर्ट सुकवून बरे निघाले. तिघांची पानं ओल्या पापडांसारखी एकमेकांना चिकटली होती. तेव्हा दुबईच्या व्हिसाचा स्टिकर पासपोर्टातच लावत. एकाचा सोलून पुढच्या पानावर गेला होता, अक्षरं फुटलेली. फोटोचं पान मात्र स्वच्छ. माणूस चिखलातून माझ्याकडे बघत होता.

तो माणूस, गोवळकोटचा, दुसऱ्या दिवशी खोरं घेऊन आला. त्याच्या स्वतःच्या घरात पाणी शिरलं होतं, तरी आला. पासपोर्ट हातात घेतला, वास घेतला आणि खाली ठेवला. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दोघांनी मिळून दुपारपर्यंत गाळ काढला. मग पायरीवर बसून तो हिशेब सांगायला लागला, अगदी सहज. "शेट, तुम्ही नेहमी म्हणता ना, चार दिवस हातात ठेवा. दोन वर्षांनी मला साठ दिवस मिळतात. दोन जाण्या-येण्यात. आठ दिवस कौलं, वायरिंग, बँक, आधार. राहिले पन्नास. पोरगी पहिले दहा दिवस माझ्याजवळ येत नाही. चार तुमच्यासाठी कुठून काढू?"

5 ऑगस्टला दुबईने दार किलकिलं केलं, तिकडे लसीचे दोन्ही डोस घेतलेल्या रहिवाशांसाठी. त्याने ते घेतले होते. त्याच्याजवळ नव्हता तो फक्त पासपोर्ट. अर्ज, पोलीस पडताळणी, मुंबईच्या खेपा, नव्या पासपोर्टाचा नंबर कंपनीमार्फत तिकडच्या नोंदीत चढवणं; सहा महिने भरायला पाच दिवस उरले असताना तो गेला. परवानग्यांसाठी कोणाकोणाच्या पाया पडलो ते सांगत नाही.

दुसरा सौदीत ड्रायव्हर होता. तिकडच्या सरकारने त्या काळात इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, आणि री-एंट्रीची मुदत फुकट वाढवत नेली. पण नवा पासपोर्ट तिकडच्या नोंदीत चढवायचा तो कफिलाने, आणि कफिलाने फोन उचलणं सोडलं होतं. नवी कोरी निळी पुस्तिका घेऊन माणूस घरी बसला. त्याने कुठली तारीख चुकवली होती? एकही नाही. चार काय, चाळीस दिवस हातात होते. मी पंधरा-वीस वर्षं जो धडा देत होतो, त्याप्रमाणे वागणारा तो माझा एकमेव विद्यार्थी असावा.

हातात दिवस ठेवावेत असं मी अजूनही म्हणतो; खोटं कशाला बोलू? पावसाळ्यात तर हट्टानेच म्हणतो. पण अडकलेल्याला 'का अडकलास' असं विचारायचं सोडलं. त्याच्या एका तारखेत नदी, विमान कंपनी, दोन सरकारं, कफील आणि माझा बिस्किटांचा डबा एवढे सगळे वाटेकरी असतात, आणि चुकली तर नोकरी त्याची एकट्याची जाते. 2020 च्या मार्चमध्ये ज्याला चारचौघांत बोललो होतो, त्याच्याकडे एकदा गेलो. तारीख बदलण्याचे पैसे पाकिटात घालून नेले. त्याने पाकीट घेतलं नाही, चहा दिला. मीही फार आग्रह केला नाही.

सौदीवाला ड्रायव्हर आता इथेच रिक्षा चालवतो. मागच्या महिन्यात भाच्याला घेऊन आला. भाचा जेद्दाहला असतो. तिकीट हवं होतं शेवटच्या रात्रीचं.

"एक दिवस आधीचं बघू?" मी विचारलं.

"नको शेट. त्या दिवशी बहिणीची मेहंदी आहे."

मी शेवटच्या रात्रीचं काढलं. नंबर टिपून घेऊन पासपोर्ट तिथल्या तिथे परत दिला. त्याने तो शर्टाच्या आतल्या खिशात घातला, बटण लावलं आणि बाहेर मामाच्या रिक्षात जाऊन बसला.