उन्हातला बाक

वैशाखरे हे कल्याण-नगर रस्त्यावरचं, माळशेजच्या अलीकडचं आमचं गाव. नाणेघाट चढणारी मंडळी इथेच उतरतात. घर रस्त्यालगत, अंगण पश्चिमेला आणि सावलीला एकही झाड नाही. आल्यागेल्याला बसायला बाहेर काहीतरी हवंच.

सगळ्यांकडे असतात तशा प्लास्टिकच्या खुर्च्या आमच्याकडेही होत्या. उन्हाचा मार खाऊन त्यांच्यावर खडूसारखी पूड सुटते. काळी पँट घालून बसलेला पाहुणा मागून पांढरा होऊन उठतो. मग एक दिवस पाय तुटतो. अतिनील किरणांनी प्लास्टिक आतून ठिसूळ होत जातं. छपरावरच्या काळ्या टाक्या वर्षानुवर्षं टिकतात त्या त्यांच्यात काजळी मिसळलेली असते म्हणून. पण एप्रिलात काळ्या खुर्चीवर बसणार कोण?

आमच्याकडे नुसतं ऊन सोसून भागत नाही. मेअखेरपर्यंत ऊन तडे पाडतं आणि जूनपासून घाटाखालचा पाऊस त्याच तड्यांत शिरतो. बांबूचा बाक स्वस्तात झाला असता. बांबू तोडून वाहत्या पाण्यात बुडवून ठेवला की त्यातलं पीठ-साखर धुऊन जाते आणि भुंगा लागत नाही, ही जुनी रीत. पण भुंगा टळला तरी ऊन टळत नाही, कांडं उभं चिरतं. बांबू ओसरीवर शोभतो, उघड्यावर नाही.

फॅब्रिकेशनवाला जीआय पाईपचा बाक करून द्यायला तयार होता. इथे खारी हवा नाही, म्हणून लोखंड वसईपेक्षा बरं टिकतं. मात्र वेल्डिंगच्या जागी जस्ताचा थर जळून जातो आणि गंज तिथूनच धरतो. पाईपच्या पोटात पाणी साचतं ते वेगळंच. खालून भोक पाडून घ्यावं लागतं. शिवाय दुपारी चटका बसतो.

शेवटी जुन्या घराच्या सागाच्या तुळया मिळाल्या. कौलारू घरं मोडून जागोजाग स्लॅब पडताहेत, त्यांतून असा माल निघतो. सुतारकाकांनी आधी एकेक खिळा उपसला, नाहीतर रंध्याचं पातं गेलं असतं. काळाकुट्ट थर निघाला तसं आतून सोनेरी लाकूड दिसू लागलं. इतक्या वर्षांनंतरही सागाचा तेलकट वास येत होता. कडेचा पांढुरका भाग त्यांनी कापून टाकला. “ही वाळवीची न्याहारी. गाभ्याला ती सहसा तोंड लावत नाही.”

“काका, वॉर्निश मारायचं का?”

“घरातल्या कपाटाला मार. उन्हात पोपडे निघतील, मग बस खरवडत.”

त्यांचं खरं होतं. पारदर्शक वॉर्निशमधून ऊन आरपार जातं, खालचं लाकूड झिजतं आणि वरचा थर सुटतो. नुसता साग राखाडी पडतो, एवढंच. लाकूड खराब झालं का, असं पाहुणे विचारतात. रंग गेलाय तो वरवरचा, आत लाकूड ठणठणीत आहे. फळ्यांमध्ये पाणी निथळायला फट ठेवली आहे आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे आहेत. फळीची टोकं सगळ्यात जास्त पाणी पितात, म्हणून पावसाआधी त्यांना तेल देतो.

पाय मात्र लाकडाचे नाहीत. मातीला टेकलेलं लाकूड आधी कुजतं. म्हणून त्याच घराच्या जोत्याचे काळे दगड लावले. मग अख्खा बाकच दगडाचा का नाही केला? वरच्या नाणेघाटाच्या लेण्यात भिंतीलगत कोरलेली दगडी बैठक दोन हजार वर्षं टिकली आहे. पण ती सावलीत आहे. उघड्यावरचा दगड दिवसभर तापतो आणि दिवेलागणीलाही गरम असतो. कडप्प्याचं तर विचारूच नका. सागाची फळी ऊन उतरलं की थोड्या वेळात बसण्याजोगी होते.

तुम्हाला असा बाक करायचा असेल तर दुकानात जाण्याआधी आसपास कुठे जुनं घर मोडतंय का, ते विचारा. साग आणि जोत्याचे दगड दोन्ही तिथेच मिळतील. फक्त लाकूड घेताना कडेचा पांढरा भाग किती आहे, तेवढं पाहून घ्या.