नवी आवृत्ती आणि एक काळोखी रात्र

मराठीच्या दोन अध्यापकांनी फर्मवेअर या विषयावर काही लिहावे, हे वाचकांना थोडे विचित्र वाटेल. आम्हालाही वाटते. आमचे आयुष्य पाठभेद, ओव्या आणि उत्तरपत्रिका यांत गेले. वायरी आणि यंत्रे यांच्याशी आमचा संबंध इन्व्हर्टरमध्ये पाणी भरण्यापुरता. तरीही गेल्या डिसेंबरात आमच्या घरात जे घडले ते लिहून ठेवावे असे दोघांनाही वाटले. कारण त्यात चूक यंत्राची जितकी होती तितकीच आमचीही होती, आणि आमची चूक आमच्याच विषयातली होती.

आमच्या घरात आई राहतात. आमच्यापैकी एकाच्या त्या आई, दुसरीच्या सासूबाई. वय एक्क्याऐंशी. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया दोन्ही डोळ्यांची झालेली, पण अंधारात त्यांना अंदाज येत नाही. त्यांची खोली आणि न्हाणीघर यांच्यामध्ये एक बोळ आहे आणि त्या बोळात एक उंबरा. दोन वर्षांपूर्वी आमचे चिरंजीव जर्मनीहून सुट्टीवर आले, त्यांनी तो उंबरा पाहिला आणि एक पांढरी डबी घरात आणून बसवली. स्मार्ट होम हब असे तिचे नाव. आई तिला ‘डबी’च म्हणतात आणि आम्हीही तेच म्हणू लागलो. डबीशी एकूण अकरा उपकरणे जोडलेली: काही दिवे, काही प्लग, दारावरचा एक सेन्सर आणि बोळात, गुडघ्याच्या उंचीवर, हालचाल ओळखणारा एक. रात्री आईंनी पाय खाली ठेवून दोन पावले टाकली की बोळातला दिवा मंद उजळायचा आणि चार मिनिटांनी आपोआप विझायचा.

या व्यवस्थेची एक अट होती. दिव्याला वीज सतत मिळत राहिली पाहिजे. भिंतीवरचे बटण कोणी बंद केले की दिवा बिचारा मृतवत. म्हणून आम्ही त्या बटणावर कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिले : ‘हे बटण दाबू नये.’ अक्षर आमच्यापैकी एकीचे. फळ्यावर लिहून लिहून वळणदार झालेले.

डिसेंबरातल्या एका रात्री तीनच्या सुमारास डबीने स्वतःहून नवी आवृत्ती उतरवून घेतली. ही वेळ कंपन्या मुद्दाम निवडतात. घर झोपलेले असते, अडथळा होत नाही. घर झोपलेले असते हे तरुण घरांबद्दल खरे असेल. सकाळी साडेसहाला आम्ही चहासाठी उठलो तेव्हा आई पलंगाच्या कडेला शाल पांघरून बसल्या होत्या. किती वेळ बसला आहात असे विचारले, तर म्हणाल्या, “दिवा लागला नाही रे. म्हटलं, डबीच्या मनात नसेल. लागेल मग.” बटण का नाही दाबले असे विचारण्यासाठी आमच्यापैकी एकाने तोंड उघडले आणि नजर त्या पट्टीवर गेली. पुढे विचारले नाही. चादर मात्र बदलावी लागली, आणि ती बदलताना आई भिंतीकडे पाहत होत्या.

त्या दिवशी दोघांनीही रजा टाकली. डबीवरचा छोटा दिवा नेहमीसारखा हिरवा होता. फोनवरच्या ॲपमध्ये डबी दिसत होती; आवृत्ती नवी, प्रकृती उत्तम. मात्र तिच्याखालची अकराच्या अकरा उपकरणे ‘अनुपलब्ध’. आम्ही डबीची वीज काढून पुन्हा लावली, फरक नाही. राउटर बंद करून सुरू केला, फरक नाही. बोळातला दिवा बटणाने बंद करून पुन्हा चालू केला, तर लख्ख लागला. म्हणजे दिवा शाबूत. सेन्सरसमोर हात हलवला तर त्याच्या पोटातला लाल ठिपका क्षणभर चमकला. म्हणजे सेन्सरही शाबूत, त्याची बटणासारखी चपटी बॅटरीही शाबूत. डबी शाबूत, दिवा शाबूत, सेन्सर शाबूत. तुटला होता तो त्यांचा एकमेकांशी असलेला संबंध.

इथवर आमचे बरे चालले होते. मग मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडच्या सौजन्यशील आवाजाने सांगितले की डबीच्या मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून दहा सेकंद दाबा, म्हणजे ती कारखान्यातून आली तशी होईल. आम्ही आज्ञाधारकपणे टाचणी शोधली. दाबली. डबी कोरी झाली. खोल्यांची नावे, वेळापत्रके, अकरा उपकरणांची ओळख, सारे पुसले गेले.

चिरंजीवांच्या आणि आमच्या घड्याळांत हिवाळ्यात साडेचार तासांचे अंतर असते. दुपारी त्यांची सकाळ झाल्यावर फोन आला. “बाबा, रीसेट केलं तुम्ही? आधी मला विचारायचं ना!” सुदैवाने टाचणी लावण्यापूर्वी आमच्यापैकी एकीने ॲपच्या पडद्याचा फोटो काढून ठेवला होता, तोही कंपनीकडे तक्रार करता यावी म्हणून. तो पाठवला आणि निदान पाच मिनिटांत झाले. ते असे. ही उपकरणे झिग्बी नावाच्या पद्धतीने बोलतात. वायफायचा जो २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा, त्यातच झिग्बीच्या ११ ते २६ अशा सोळा वाहिन्या आहेत. आमच्या राउटरची अडचण होऊ नये म्हणून चिरंजीवांनी पंचविसावी वाहिनी निवडली होती. फोटोत अकरावी दिसत होती. डबीच्या पोटात दोन स्वतंत्र भाग असतात: एक मुख्य संगणक आणि एक रेडिओची चकती. नव्या आवृत्तीत मुख्य संगणक व्यवस्थित अद्ययावत झाला. रेडिओच्या जुन्या नोंदी मात्र पुढे आल्या नाहीत. नोंदी नाहीत असे पाहून त्याने नवे जाळे उभारले: नवी वाहिनी, नवा क्रमांक, नवी गुप्त किल्ली. आणि नव्या जाळ्यात कोणीच नाही म्हणून सारे अनुपलब्ध. रीसेटपूर्वी जुने आकडे परत भरून पाहता आले असते. आता ती वाट आम्हीच बंद केली होती.

मग उपकरणांचे काय झाले होते, असे आम्ही विचारले. चिरंजीवांनी सांगितले ते आम्ही विसरू शकलो नाही. झिग्बीच्या जाळ्यात सतत विजेवर असणारे दिवे नुसते दिवे नसतात; ते निरोप्याचे कामही करतात. बॅटरीवरचा सेन्सर जवळच्या दिव्याला निरोप देतो, दिवा तो डबीकडे पोचवतो. त्या रात्री आई उठल्या, त्यांनी पाऊल टाकले, तेव्हा सेन्सरने ते पाहिले होते. त्याने दिव्याला सांगितलेही होते. दिव्याने तो निरोप पंचविसाव्या वाहिनीवरून पुढे धाडला. ऐकणारे मात्र तिथून उठून गेले होते. दिवा लावायचा निर्णय डबीचा, म्हणून निरोप हाती असूनही दिवा लागला नाही.

फर्मवेअर हा शब्द १९६७ साली अॅशर ऑप्लर यांनी रूढ केला, असे त्याच्या इतिहासात सांगतात. हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांच्या मधले ते फर्म, म्हणजे पक्के. आज मात्र या घरातली सर्वांत कमी पक्की वस्तू तीच आहे. तरीही नव्या आवृत्त्या नकोतच, असे म्हणण्याची सोय नाही. २०१६ साली मिराई या नावाच्या दुष्ट प्रोग्रॅमने मूळचे पासवर्ड न बदललेले हजारो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली होती. जे यंत्र दुरुस्त होत नाही ते उघड्या दारासारखे असते. पण दुरुस्तीही बेभरवशाची असू शकते. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेतील लॉकस्टेट कंपनीने आपल्या एका जातीच्या कुलपांना दुसऱ्या जातीची आवृत्ती पाठवली आणि सुमारे ५०० दारांची कुलपे आंधळी झाली. दुरून त्यांना पुन्हा दृष्टी देता येईना. रिव्हॉल्व्ह नावाचा हब तर नेस्ट कंपनीने २०१४ मध्ये विकत घेतला आणि मे २०१६ मध्ये त्याची सेवाच थांबवली. विकत घेतलेली वस्तू ग्राहकाच्या फळीवर तशीच होती. फक्त ती आता काहीच करत नव्हती.

असो. आमची चूक याहून घरगुती आहे. आम्ही एम. ए.च्या वर्गाला पाठचिकित्सा शिकवतो. पहिल्याच तासाला सांगतो की उपलब्ध साऱ्या प्रती आधी गोळा कराव्यात, त्यांतील भेद नोंदवावेत, आणि मगच दुरुस्तीसाठी लेखणी उचलावी. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती अनेक प्रती जुळवून, आणि पुढे कोणी त्या पाठात आपली ओवी घुसडू नये असा स्पष्ट इशारा देऊन. तरीही एकनाथपूर्व पाठाचे कुतूहल अभ्यासकांना सुटले नाही. राजवाड्यांनी १९०९ मध्ये एक जुनी प्रत छापली, तेव्हा शुद्धीपूर्वी काय होते हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. उत्तम शुद्धीनंतरही जुनी प्रत लागते, हे आम्ही दरवर्षी सांगतो. लीळाचरित्राची मूळ प्रत स्वारीच्या धामधुमीत गेली आणि अनुयायांना ती स्मरणातून पुन्हा सिद्ध करावी लागली, म्हणून त्याचे इतके पाठ, हेही सांगतो. आणि प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा आम्ही एकही नोंद न करता, एकुलत्या एक प्रतीत टाचणी खुपसली.

पुढचे दोन दिवस आम्ही स्मरणातून डबी पुन्हा सिद्ध करत होतो. दिवा जुने जाळे विसरावा म्हणून तो ठरावीक लयीत पाच-सहा वेळा बंद-चालू करावा लागतो. तो लुकलुकला की विसरला असे समजायचे. स्टुलावर चढून एकाने बटण मोजायचे, दुसरीने फोनकडे पाहायचे. दहा उपकरणे सापडली. दारावरच्या सेन्सरने दाद दिली नाही.

या वेळी आम्ही काही गोष्टी बदलल्या. काही झिग्बी उपकरणे परस्परांशी थेट बांधता येतात, म्हणजे सेन्सरचा निरोप डबीला न विचारता दिवा स्वतःच मानतो. आमच्या सेन्सरमध्ये ती सोय पहिल्यापासून होती. कोणी वापरली नव्हती. बोळातला दिवा आता तसा बांधला आहे. स्वयंचलित अद्ययावतीकरण बंद केले. नवी आवृत्ती आली की आठवडाभर थांबायचे, ॲपमधून जुन्या मांडणीची प्रत काढून घ्यायची, आणि रविवारी सकाळी, आई उन्हात बसल्या असताना, ती चढवायची. चढवल्यावर सर्वांत आधी बोळातून चालून पाहायचे. डबीजवळ शंभर पानी वही ठेवली आहे: वाहिनी, आवृत्ती, तारीख, कोणते उपकरण कोणत्या खोलीत. वायरमनला बोलावून उंबऱ्यापाशी एक झिरोचा दिवाही लावून घेतला, आईंच्या पलंगाजवळच्या साध्या बटणावर. त्याला कोणतीही आवृत्ती नाही.

बटणावरची पट्टी काढताना तिचा डिंक निघेना. खोबरेल तेल लावून खरवडावे लागले. आई खुर्चीवर बसून पाहत होत्या. म्हणाल्या, “अगं, राहू दे की. अक्षर छान आहे तुझं.” पट्टी निघाली, पण रंगावर तिच्या आकाराचा एक फिकट डाग राहिला आहे. रात्री कधी आम्हाला जाग येते आणि बोळात उजेड दिसतो, तेव्हा पावलांचा आवाज परत खोलीत जाईपर्यंत आम्ही दोघेही झोपेचे सोंग घेऊन पडून राहतो.