डाख की बिंदुजोड?

पिपलानीत राहून विजेच्या जोडाविषयी उदासीन राहणे कठीण. 1956 साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्समुळे आमच्यासारखी मराठी घरे या वसाहतीत आली. 1974 मध्ये तो कारखाना ‘भेल’मध्ये विलीन झाला, आम्हीही यथाकाल निवृत्त झालो, परंतु बसबार आणि ट्रान्सफॉर्मर यांची भाषा आमच्या जेवणाच्या पाटावरून काही उठली नाही.

सांप्रत शेजारचा एक विद्यार्थी गणेशोत्सवातील ध्वनिवर्धकासाठी लिथियम सेलांचा संच आमच्या ओसरीवर बांधीत आहे. बारा सेल, चार-चार समांतर, असे तीन गट एकापुढे एक. “आजोबा, सरळ डाख देऊन टाकू का?” असे त्याने विचारले. (इथल्या बोलीत त्याला ‘टाँका’ म्हणतात.) आम्ही नको म्हटले. कथिल-शिशाचा डाख वितळतो सुमारे 183 अंशांना, आणि काविया तर त्याहून कितीतरी तप्त. उलट सेलच्या पोटातील दोन ध्रुवांना विलग ठेवणारा पॉलिथीनचा तलम पडदा सुमारे 130 अंशांनाच वितळू लागतो. क्षणार्धात, एका बिंदूपुरती उष्णता देणारे स्पॉट वेल्डिंग म्हणूनच बरे.

पट्टी शुद्ध निकेलचीच हवी. बाजारात निकेलचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी त्याच रुपड्यात मिळते आणि रोध मात्र अधिक. ओरखडा काढून मिठाच्या पाण्यात ठेवली की गंज तिचे कूळ सांगतो. तांबे निकेलहून चांगले वाहक खरे, पण त्याच गुणामुळे लहान यंत्राची उष्णता त्यात टिकत नाही, जोड धरत नाही.

आमचा खरा धाक आहे तो अर्धवट जोडाचा. दहा मिलिओहमच्या सैल जोडातून 10 अँपिअर गेले, तर तेथे एक वॉट उष्णता; प्रवाह दुप्पट केला की चार वॉट. आणि चारांपैकी एक सेल सुटला तरी दिवा लागतो, ध्वनिवर्धक गातो, संशय येत नाही. उरलेले तीन सेल मुकाट्याने चौघांचा भार वाहतात. ज्या घरात हा संच रात्री चार्जिंगला लावला जाईल, तेथे माणसे झोपलेली असतात, हे विद्यार्थ्याला सांगावे लागले नाही. त्याच्या आईने आधीच विचारले होते.

धन टोकाच्या बटणाभोवतीचा काठ हा ऋण डब्याचाच भाग असतो. मध्ये केवळ प्लास्टिकचे पातळ वेष्टन. पट्टी घासून ते फाटले की थेट शॉर्टसर्किट. म्हणून प्रत्येक बटणाभोवती इन्सुलेशन कागदाची चकती बसवायला लावली.

एका निकामी, पूर्ण रिकाम्या सेलवर त्याचा सराव चालू आहे. चिमट्याने पट्टी सोलून काढायची. ती फाटून तिचे कण सेलवर चिकटून राहिले, तरच जोड पक्का. आज तीन पट्ट्या अलगद निघाल्या. चौथीने मात्र आपले दोन ठिपके सेलवरच ठेवले.